चौतीस नंबरची गाडी

जॅक्सनव्हिलच्या मोटारशर्यतीची गोष्ट आमच्या मामाच्या तोंडून ऐकली तर कृष्णवर्णीय ड्रायव्हर वेंडेल स्कॉट पाच फेऱ्यांनी पुढे असतात, झेंडेवाला त्यांच्याकडे पाठ करून उभा असतो आणि बक्षीस द्यायला आलेली सुंदरी रडत असते. मामाला ही गोष्ट ज्याने सांगितली तो डॅनव्हिलच्या कापडगिरणीतला जॉबर तिखटमीठ जरा बेताने लावायचा. त्याच्याकडे फेऱ्या तीन होत्या आणि सुंदरी रडत नसे, नुसती घाईघाईने निघून जाई. नोंदींत फेऱ्या दोन आहेत. सुंदरीने काय केलं ते नोंदींत नाही. गंमत म्हणजे हे दोन्ही म्हातारे त्या शर्यतीला नव्हते. मामा तर तेव्हा परळला कॉलेजात जाण्याच्या तयारीत होता.

मामाचे वडील, म्हणजे माझे आजोबा, गिरणीत जॉबर. मामा माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये टेक्स्टाइल शिकला, पुढच्या शिक्षणासाठी नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅलेला गेला आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथून जवळच, व्हर्जिनियाच्या दक्षिण टोकाला असलेल्या डॅनव्हिलमध्ये, डॅन रिव्हर मिल्समध्ये लागला. साचाखात्यातला आवाज परळात आणि व्हर्जिनियात सारखाच. ओठांवरून बोलणं ओळखायचं आणि गप्पा मारायच्या त्या पाळी सुटल्यावर गाड्या लावायच्या मैदानात. तिथेच मामाची या जॉबरशी ओळख झाली. हा माणूस कृष्णवर्णीय, स्कॉट यांच्याच वयाचा, त्यांच्याच गावचा. गिरणीत लागला तेव्हा दक्षिणेतल्या गिरण्यांमध्ये काळ्या माणसाला साच्याला हात लावू देत नसत. गाठी फोडा, झाडलोट करा, माल वाहा. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा झाला, त्यानंतर चाळिशी ओलांडल्यावर तो साच्यावर आला आणि आला तो पहिल्यापासून सगळं येत असल्यासारखा. इतकी वर्षं झाडताना बघून शिकला होता, असं मामा सांगतो. मामा त्याला बाबा म्हणायचा. मी शार्लटला नोकरीला आले तेव्हा जॉबरबाबा पंच्याहत्तरीच्या पुढे होते, मामाच्या कानांनी साचाखात्याची किंमत मोजायला सुरुवात केली होती, आणि दोघे व्हरांड्यात बसून एकमेकांना ओरडून स्कॉट यांच्या गोष्टी सांगत. मला मोटारशर्यतीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

डॅनव्हिल हे गाव आधी समजून घ्यावं लागतं. तेव्हा एका बाजूला तंबाखूचे लिलाव, दुसऱ्या बाजूला गिरणी. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या शेवटी, एप्रिल १८६५ मध्ये, रिचमंड पडलं तेव्हा गुलामीच्या बाजूने लढणाऱ्या सरकारचा अध्यक्ष पळून इथेच आला आणि आठवडाभर इथल्या एका वाड्यातून कारभार हाकला. त्याच वाड्यात पुढे गावाचं सार्वजनिक वाचनालय झालं, फक्त गोऱ्यांसाठी. १९६० मध्ये काळी मुलं तिथे जाऊन बसली, तर गावाने वाचनालयच बंद केलं. कोर्टकचेऱ्या होऊन ते उघडलं तेव्हा आतली टेबलं-खुर्च्या उचलून नेलेल्या होत्या. काळा-गोरा शेजारी बसण्याचा प्रश्नच मिटला. पुस्तक घ्या, उभ्याने चाळा आणि निघा. जॉबरबाबा हा किस्सा हसत हसत सांगत. मला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही. मामाला कळायचं.

या गावात २९ ऑगस्ट १९२१ रोजी वेंडेल स्कॉट जन्मले. वडील दोन सधन गोऱ्या कुटुंबांकडे मोटार चालवायचे आणि दुरुस्तही करायचे. गाडी भन्नाट हाकण्याबद्दल त्यांची ख्याती होती. ते घर सोडून गेले, पण पान्याची ओळख मुलाला करून देऊन गेले. गिरणी किंवा तंबाखू, गावात काळ्या मुलापुढे दोनच वाटा, आणि दोन्हीकडे डोक्यावर मुकादम. स्कॉट यांनी दोन्ही टाळायच्या ठरवल्या. शाळा सोडली, टॅक्सी चालवली, १९४३ मध्ये मेरी कोल्स यांच्याशी लग्न केलं, महायुद्धात युरोपात जाऊन लष्कराच्या गाड्या दुरुस्त केल्या. तेही काळ्या सैनिकांच्या वेगळ्या तुकडीत. परत आल्यावर स्वतःचं गॅरेज टाकलं. गॅरेज चालायचं दिवसा. रात्री दारू.

या भागातल्या हातभट्टीला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. डोंगरातला मका, त्याची दारू, आणि सरकारचा कर चुकवून ती शहरात पोचवणारे ड्रायव्हर. मामाला हे समजावून सांगावं लागलं नाही. मोरारजींच्या दारूबंदीत मुंबईत हातभट्टीची सायकलच्या आणि मोटारीच्या ट्यूबमध्ये भरून कशी फिरायची हे त्याने लहानपणी चाळीच्या गॅलरीतून बघितलं होतं. व्हर्जिनियात ती काचेच्या बरण्यांमध्ये भरून, गाडीची मागची सीट काढून तिथे रचत. आता शंभर गॅलन दारू मागे घातली की गाडीचं बूड टेकणार, आणि बूड टेकलेली गाडी दिसली की पोलीस मागे लागणार. म्हणून हे लोक मागच्या स्प्रिंगा कडक करत, जादा पाटे घालत. भरलेली गाडी रस्त्यावर सरळ चाले. रिकामी असली की मागून टाच उंच केल्यासारखी दिसे. अनुभवी पोलीस त्यावरूनही ओळखत. इंजिनावर दोन-तीन कार्ब्युरेटर चढवायचे, रात्री दिवे बंद करून आठवणीतल्या वळणांवर गाडी हाणायची. स्कॉट यात वाकबगार होते. ते सापडले फक्त एकदा, १९४९ मध्ये. शिक्षा म्हणून तीन वर्षं सरकारच्या नजरेखाली राहायची अट पडली. धंदा काही लगेच थांबला नाही.

इथे जरा आडवाट घेते, कारण स्टॉक कार शर्यतीचं मूळ याच मागच्या स्प्रिंगांत आहे. स्टॉक कार म्हणजे मुळात शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेली नव्हे, शोरूममधून निघालेली साधी गाडी. माझी गाडी तुझ्यापेक्षा पळते, या दारूवाल्यांच्या रविवारच्या बढायांतून गायरानात धुळीचे ट्रॅक झाले. डिसेंबर १९४७ मध्ये बिल फ्रान्स नावाच्या गृहस्थाने फ्लोरिडात डेटोना बीचच्या एका हॉटेलच्या गच्चीवरच्या बारमध्ये सगळ्यांना गोळा केलं, आणि १९४८ मध्ये नॅसकार ही संस्था उभी राहिली. तिच्या सर्वांत वरच्या गटाची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी माझ्या आताच्या गावी, शार्लटला झाली. ग्लेन डनवे पहिला आला. तपासणीत त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगा बदललेल्या निघाल्या. गाडी दारू वाहणारी होती. त्याला बाद केलं, जिम रोपर विजयी ठरला, गाडीचा मालक कोर्टात गेला आणि तिथेही हरला. म्हणजे पहिल्याच दिवशी झेंडा पडला एकाला आणि बक्षीस मिळालं दुसऱ्याला. जॅक्सनव्हिलची गोष्ट ऐकताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

स्कॉट शर्यतीत आले ते प्रेक्षक वाढवायची युक्ती म्हणून. डॅनव्हिलच्या जत्रेच्या मैदानावरच्या शर्यती नॅसकारच्या नव्हत्या. डिक्सी सर्किट नावाची लहान संघटना त्या भरवायची. तिकिटं खपेनात तेव्हा आयोजकांनी विचार केला, गोऱ्या पोरांच्यात एक काळा ड्रायव्हर उतरवू, गर्दी होईल. पण काळा ड्रायव्हर आणायचा कुठून? ते सरळ पोलिसांकडे गेले. तुम्हाला हुलकावणी देणारा सगळ्यांत वेगवान काळा कोण? पोलिसांनी क्षणाचाही विचार न करता नाव सांगितलं. शिफारसपत्र म्हणून यापेक्षा चांगलं काय मिळणार!

२३ मे १९५२. स्कॉट दारू वाहणारीच एक जुनी गाडी घेऊन उतरले. जॉबरबाबा त्या दिवशी हजर होते, काळ्यांसाठी राखलेल्या कडेच्या बाकड्यांवर. या आठवणीत मात्र ते तिखटमीठ लावत नसत. समोरच्या स्टँडातून हुर्यो उडाली, स्कॉट यांची गाडी मध्येच बंद पडली, संपलं. बाकड्यांवरचे लोक उठून गेले नाहीत एवढंच. दुसऱ्या दिवशी स्कॉट गाडी ओढत विन्स्टन-सेलमला नॅसकारच्या शर्यतीला गेले. तुम्हाला उतरता येणार नाही, असं सांगून त्यांना परत पाठवलं. मग ते डिक्सी सर्किटमध्येच परतले आणि पहिल्या शर्यतीनंतर बाराव्या दिवशी लिंचबर्गला एक लहान शर्यत जिंकले. पुढे आठवड्यातून चार-पाच रात्री व्हर्जिनियातला मिळेल तो ट्रॅक.

नॅसकारचा परवाना त्यांना मिळाला तो १९५४ च्या सुमारास, रिचमंडच्या ट्रॅकवरच्या माइक पोस्टन या अर्धवेळ अधिकाऱ्याने आपल्या अखत्यारीत दिला म्हणून. वरच्यांना ते फारसं रुचलं नाही. त्यानंतरचा रॅलेचा प्रसंग मला जॅक्सनव्हिलपेक्षा जास्त बोलका वाटतो. आदल्या रात्री लिंचबर्गला आयोजकाने ड्रायव्हरांना पेट्रोलचे पैसे वाटले. स्कॉट यांच्या हातावर काही ठेवलं नाही. स्कॉट रॅलेला बिल फ्रान्सपुढे जाऊन उभे राहिले. फ्रान्सने खिशातून पैसे काढून दिले आणि यापुढे तुला इतर सभासदांसारखंच वागवलं जाईल असं आश्वासन दिलं. पेट्रोलच्या पैशांसाठी संस्थेच्या सर्वेसर्वाला गाठणारा माणूस मला त्या नोटांइतकाच खरा वाटतो. आश्वासनाचं पुढे काय झालं ते मिश्र आहे. फ्रान्सने त्यांना बाहेर काढलं नाही. पण डार्लिंग्टनसारख्या मोठ्या ट्रॅकने वर्षानुवर्षं दार बंद ठेवलं तेव्हा ते उघडून घ्यायलाही तो गेला नाही.

१९५९ मध्ये ते स्पोर्ट्समन गटात व्हर्जिनिया राज्याचे विजेते ठरले. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ४ मार्च १९६१ ला, स्पार्टनबर्गला ग्रँड नॅशनलमध्ये म्हणजे सर्वांत वरच्या गटात उतरले. बाकीचे ज्या वयात हातमोजे काढून ठेवतात त्या वयात.

या मोठ्या गटातलं अर्थकारण मामाने मला कागदावर मांडून दाखवलं होतं. इंजिनिअर माणूस. वरच्या चमूंना फोर्ड, क्रायसलरसारख्या कारखान्यांचा पाठिंबा. नवी गाडी, जादा ठेवलेली दोन इंजिनं, पगारी मेकॅनिक, कितीही टायर. स्कॉट यांच्याकडे दुसऱ्याने वापरून टाकलेली गाडी आणि घरचं मनुष्यबळ. वेंडेल ज्युनिअर आणि फ्रँक ही मुलं शाळेतून येऊन पान्याला लागत. मोठ्या चमूंनी अर्धे झिजवून सोडलेले टायर हे लोक गोळा करत. वाटेतल्या हॉटेलात काळ्यांना बसू देत नसत म्हणून मेरीबाई डबे करून देत, झोप गाडीतच. शर्यतीत पिटमध्ये थांबलं की कित्येकदा स्कॉट स्वतःच खाली उतरत, चाक बदलायला हात लावत, पुन्हा आत चढत. हे जॉबरबाबा आपल्या व्हरांड्यात करून दाखवायचे. खुर्चीतून उठायचं, अंगणातल्या गाडीच्या चाकापाशी वाकायचं, कंबर धरून पुन्हा बसायचं, आणि तोपर्यंत पुढचे दोन फेऱ्या मारून गेले असं सांगायचं.

खालच्या नंबरांना लहान ट्रॅकवर शंभर-दीडशे डॉलर मिळत. एक इंजिन फुटलं की कित्येक शर्यतींची कमाई गेली. म्हणून स्कॉट यांचं गाडी चालवणं बदललं. डॅनव्हिलच्या रात्रींचा तो बेफाम ड्रायव्हर आता इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून, शेवटपर्यंत गाडी टिकवून, समोरचे गळतील तसा वर सरकायचा. १९६४ च्या मोसमात ६२ शर्यती होत्या. ते ५६ मध्ये उतरले. जॉबरबाबा म्हणायचे, "पोरी, तो कितवा आला ते आम्ही विचारायचो नाही. शेवटाला गाडी पळत होती का, एवढंच विचारायचो." ही एक गोष्ट मामाच्या रंगवलेल्या कथेत कधी नसते. त्याला पाच फेऱ्यांनी जिंकणारा नायक लागतो.

१९६३ चं वर्ष मात्र बघितलंच पाहिजे. १० जूनला डॅनव्हिलच्या तुरुंगाशेजारी निदर्शकांवर पोलिसांनी पाण्याचे बंब सोडले आणि दंडुके चालवले. मदतीला नगरपालिकेच्या कामगारांनाही तात्पुरता बिल्ला देऊन उभं केलं होतं. चाळीसच्या वर लोक जखमी झाले. काळे लोक त्या दिवसाला रक्तरंजित सोमवार म्हणतात. जॉबरबाबांच्या घरातलं माणूस त्यात होतं. कोण, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मामाने विचारू दिलं नाही. मार्टिन ल्यूथर किंग त्या उन्हाळ्यात गावात येऊन गेले. २२ नोव्हेंबरला केनेडींची हत्या झाली. त्यानंतर नवव्या दिवशी, १ डिसेंबरला, स्कॉट नेड जॅरेटकडून घेतलेली १९६२ ची शेव्हरोलेट घेऊन जॅक्सनव्हिलच्या अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर उभे होते. दारावर नेहमीचा चौतीस नंबर.

दोनशे फेऱ्यांची शर्यत. मातीचा ट्रॅक तासाभरात खड्ड्यांनी भरला. असल्या रस्त्यावर नव्या गाडीचा जोर फुकट जातो आणि गाडी जपून चालवणाऱ्याचं फावतं. रिचर्ड पेटी पुढे होते, पण त्यांची गाडी बिघडत चालली होती. पंचवीस फेऱ्या उरल्या असताना स्कॉट यांनी त्यांना मागे टाकलं. मग दोनशे फेऱ्या पुऱ्या झाल्या आणि झेंडा पडला नाही. स्कॉट पळतच राहिले. थोड्या वेळाने झेंडा पडला तो बक बेकर यांच्यावर. ट्रॉफी बेकरना, फोटो बेकरांचे, सुंदरीचं चुंबनही बेकरना. स्कॉट यांनी फेऱ्या पुन्हा मोजा म्हणून तक्रार केली. दोनेक तासांनी, प्रेक्षक घरी गेल्यावर, अधिकाऱ्यांनी मान्य केलं की स्कॉट दोन फेऱ्यांनी जिंकले आहेत. ते २०२ फेऱ्या पळाले होते. हजार डॉलर मिळाले. ट्रॉफी तोवर बेकरांबरोबर गेली होती.

ही चूक की लबाडी, यावर मामा आणि जॉबरबाबा मी ओळखू लागल्यापासून भांडत होते. भांडणात मामा फिर्यादी आणि जॉबरबाबा पंच, हे बाहेरच्याला उलटं वाटेल. त्या काळी फेऱ्या हाताने मोजत. प्रत्येक गाडीसाठी एक माणूस, बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या घरचंच कुणीतरी, समोर मोठं घड्याळ आणि मांडीवर कागद. आपली गाडी रेषेवरून गेली की घड्याळात बघून वेळ लिहायची. धूळ उडाली, शिंक आली, नजर हलली की एक फेरी गेली. घोटाळे नेहमीचे होते. १९५९ च्या पहिल्या डेटोना ५०० मध्ये ली पेटी जिंकले की जॉनी बोशँप, हे ठरायला तीन दिवस लागले. त्याच वर्षी अटलांटात रिचर्ड पेटींना विजयी घोषित केल्यावर तक्रार आली, पुन्हा मोजणी झाली आणि विजय दुसऱ्याला गेला; तक्रार करणारे त्यांचे वडील ली पेटी! मामा हे सगळं बाजूला ठेवून विचारायचा, मग दोन फेऱ्या जास्त पळूनही सगळ्यांच्या नजरेतून एकच गाडी कशी सुटते? मैदानातली एकमेव काळ्या माणसाची गाडी? स्कॉट स्वतः शेवटपर्यंत सांगत राहिले की गोऱ्या सुंदरीचं चुंबन काळ्या माणसाला घेऊ द्यायचं नव्हतं, म्हणून हे झालं. ज्या व्हर्जिनियात काळा-गोरा विवाह १९६७ पर्यंत गुन्हा होता तिथून आलेल्या माणसाचं हे निदान मला तरी हाताने मोजण्याच्या पद्धतीपेक्षा जास्त पटतं. मोजणी चुकली असेलही. पण ती दोन तासांनी, स्टँड रिकामे झाल्यावरच सुधारली.

ट्रॉफीची पुढची हकिकत लांबलचक आहे. महिनाभराने सवानाला त्यांच्या हातात एक लाकडी ट्रॉफी ठेवली, लाकडाचा ठोकळा म्हणावा अशी, नावबिव काही नाही. स्कॉट २३ डिसेंबर १९९० रोजी मणक्याच्या कर्करोगाने गेले. २०१० मध्ये जॅक्सनव्हिलच्या लोकांनी कुटुंबाला एक प्रतिकृती दिली. २०१५ मध्ये शार्लटच्या नॅसकार हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. आणि २८ ऑगस्ट २०२१ ला, त्यांच्या शंभराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, नॅसकारने डेटोनाला घरच्यांच्या हाती रीतसर ट्रॉफी दिली. जॉबरबाबा तोवर राहिले नव्हते. त्यानंतर पाच-सहा आठवड्यांत बबा वॉलेस टॅलाडेगाला जिंकला. सर्वोच्च गटात जिंकलेला दुसरा कृष्णवर्णीय ड्रायव्हर. पावसामुळे शर्यत अर्ध्यावर संपवली म्हणून हा विजय खरा का, अशीही चर्चा लगेच सुरू झाली. मामाने टीव्हीचा आवाज बंद केला. आता त्याला तो तसाही ऐकू येत नाही.

१९७७ मध्ये हॉलिवुडने स्कॉट यांच्यावर 'ग्रीज्ड लायटनिंग' नावाचा सिनेमा काढला. मुख्य भूमिकेत रिचर्ड प्रायर, मेरीबाईंच्या भूमिकेत पॅम ग्रिअर. मी तो पाहिला आहे. प्रायर लाघवी आहे आणि पाठलाग झकास आहेत. टायर गोळा करणं फारसं नाही, आणि ते पडद्यावर दाखवायचं तरी कसं? सिनेमा लागला तेव्हा स्कॉट डॅनव्हिलमध्ये गॅरेजच चालवत होते. मामा त्या रस्त्याने कित्येकदा गेला असेल. आत जाऊन ओळख करून घ्यावी असं दर वेळी वाटायचं आणि दर वेळी तो पुढे निघून जायचा. मोठ्या माणसाचा वेळ कशाला घ्या, हा परळचा संकोच.

सर्वोच्च गटात एकूण ४९५ शर्यती. विजय एक, पहिल्या पाचांत २० वेळा, पहिल्या दहांत १४७ वेळा. १९६६ मध्ये वर्षाच्या गुणतक्त्यात सहावे, आणि पुढची तीन वर्षं सलग पहिल्या दहांत. जॅक्सनव्हिलच्या त्या एका संध्याकाळवर सगळी शाई सांडते आणि हा १४७ चा आकडा कंसात राहतो, याचा मला राग येतो. वापरून टाकलेल्या इंजिनावर, झिजलेल्या टायरांवर, पंचेचाळिशीतल्या शरीराने देशातल्या सर्वोत्तम ड्रायव्हरांत सहावं येणं हे मोजणीतल्या चुकीपेक्षा कितीतरी अवघड काम आहे.

मग खेळच बदलला. १९७१ पासून टीव्हीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी आली. तंबाखू कंपन्यांचा पैसा जाहिरातीची नवी जागा शोधत होता आणि तो विन्स्टनच्या नावाने नॅसकारमध्ये ओतला गेला. ज्या तंबाखूपासून स्कॉट लहानपणी दूर पळाले, ती अशी पुढे येऊन उभी राहिली. १९७२ मध्ये शर्यतींची संख्या ४८ वरून ३१ वर आणली. मातीचे लहान ट्रॅक गेले आणि मोठ्या डांबरी ट्रॅकवर भरमसाट वेग राहिला. जपून चालवून दहाव्या नंबरावर येण्याची वाट बुजली. स्कॉट यांनी कर्ज काढून एक चांगली मर्क्युरी घेतली आणि ६ मे १९७३ ला ती टॅलाडेगाला उतरवली. साठ गाड्या सुटल्या होत्या. सुरुवातीच्या काही फेऱ्यांतच पुढच्या एकाचं इंजिन फुटलं, ट्रॅकवर तेल सांडलं आणि धुरात वीसएक गाड्या एकमेकींवर आदळल्या. स्कॉट यांची कंबर, बरगड्या, पाय मोडले, हाताला साठ टाके पडले. मर्क्युरीचं भंगार झालं, कर्ज राहिलं. वय एक्कावन्न.

आता मामाने स्वतः बघितलेली एकमेव शर्यत. ७ ऑक्टोबर १९७३, शार्लट, पाचशे मैल. टॅलाडेगानंतर पाच महिन्यांनी स्कॉट पुन्हा उतरणार अशी गिरणीत वार्ता आली आणि जॉबरबाबांनी मामाला गाडीत घातलं. मामीने दिलेल्या पोळीभाजीच्या डब्यात अर्धा वाटा जॉबरबाबांचा. तोवर वाटेतल्या हॉटेलात बसता येत होतं, पण म्हाताऱ्याला सवय नव्हती. मामाला त्या दिवसाचं आठवतं ते ऊन, रबराचा वास आणि एका लयीत कानात शिरणारा आवाज, साचाखात्याच्या वरताण. कोण पुढे, कोण मागे, काही कळेना. जॉबरबाबा बोट करून दाखवत होते, तो बघ, तो बघ. स्कॉट यांची गाडी पुढच्यांच्या कितीतरी फेऱ्या मागे होती आणि कडेकडेने जात होती.

जिंकले केल यारबरो. निदान त्या संध्याकाळी तरी. कारण तिसऱ्या आलेल्या बॉबी अॅलिसन यांनी तक्रार केली की पहिल्या दोघांची इंजिनं नियमापेक्षा मोठी आहेत. मोजमापं झाली, वाद पेटला, अधिकाऱ्यांनी निकाल तसाच ठेवला आणि वर्तमानपत्रांत आठवडाभर तेच चाललं. गिरणीतल्या मैदानातही. स्कॉट बारावे आले होते. ती त्यांची शेवटची शर्यत. बाराव्या नंबराची फेरमोजणी करा असं कुणीच म्हणालं नाही, हे सांगताना मामाला अजून हसू येतं.